शिवाप्पा मिस्त्रींचं ‘चाललंय’

शोकसभेतल्या दोन मिनिटांच्या शांततेत जो माणूस चाळीसाव्या सेकंदाला खणखणीत आवाजात “चाललंय!” म्हणतो, त्याच्या हाताखाली मी माझी पहिली नोकरी केली.

सभा आमच्या कारखान्याच्या थोरल्या मालकांची होती. ओतकामाच्या अवाढव्य शेडमध्ये दीडशे माणसं माना खाली घालून उभी होती. भट्टी थंड होती. वर पत्र्यावर एक कावळा चालत होता, त्याची नखंसुद्धा ऐकू येत होती. आणि हार घातलेल्या फोटोपासून चार हातांवरून, अगदी कामाचा भाग असल्यासारखा आवाज आला, “चाललंय.” धाकट्या मालकांनी मान तशीच ठेवून डोळे तेवढे वर केले. अर्ध्या मिनिटानं पुन्हा, “चाललंय.” मग दोन मिनिटं संपली आणि बाकीचे नाक पुसत असताना समारोप झाला, “ठेवलं!”

मला कामाला लागून तेव्हा नऊ दिवस झाले होते. मी रुमालात तोंड खुपसून हसत होते. थोरल्या मालकीणबाईंना वाटलं, मी रडतेय. त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि पुढं कितीतरी दिवस ‘ती हळव्या मनाची मुलगी’ असा माझा उल्लेख होत राहिला. कारखान्यात माझं एवढंच नाव झालं, तेही चुकून.

ही गोष्ट सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीच्या सुमाराची. उद्यमनगरात तेव्हा एकानं काही घेतलं की दुसऱ्याला ते घ्यावंच लागे. शेजारच्यानं नवा ट्रक घेतला की आमच्या दारात ट्रक, त्यानं गेस्ट हाऊस बांधलं की आमचा पाया खणायला सुरुवात. मग कुणीतरी कंप्युटर घेणार असल्याची कुणकुण लागली आणि धाकट्या मालकांनी त्याच्या आधी घेऊन टाकला. त्याच्यासाठी थंड हवेची काचेची खोली झाली. मी पुण्यात वर्षभराचा कोर्स करून आले होते, कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली होते आणि फारशी बोलत नव्हते, म्हणून मला घेतलं. राहिला प्रश्न विभागप्रमुखाचा. एवढं महागाचं यंत्र विश्वासाच्या माणसाच्या ताब्यात हवं, आणि कारखान्यात विश्वासाचा माणूस एकच, शिवाप्पा मिस्त्री. तीस वर्षं वाळूचे साचे भरण्यात गेलेली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, टाइप करता येत नव्हतं आणि कंप्युटर म्हणजे काय याचा पत्ता नव्हता. विभागप्रमुख व्हायला तेवढं पुरलं.

खाकी हाफ शर्ट, पांढरी विजार, डाव्या हाताचा अंगठा अर्धा, आणि कानावर एक पेन्सिल, जिनं लिहिताना त्यांना कुणी पाहिलं नव्हतं. मूळचे चंदगडकडचे, कानडी मुलखालगतचे, त्यामुळं कुठलीही बाई त्यांच्या लेखी अक्का. मी तेवीस वर्षांची, ते चोपन्नचे, तरी मी अक्काच.

पहिल्या दिवशी त्यांनी मला समोर उभं करून कायदा समजावला.

“हे बगा अक्का. लोखंडाच्या रसाची लाडल असती, थोरली पळी, दोन मानसं दांडी धरून उचलत्यात. मागच्याला म्होरचं काय दिसत न्हाय. म्हून म्होरच्यानं तोंड बंद ठेवायचं न्हाय. ‘चाललंय, चाललंय’ म्हनत ऱ्हायाचं. आवाज थांबला की मागचा थांबतो. खाली टेकवली की म्हनायचं ‘ठेवलं’. फौंड्रीचा कायदा हाय ह्यो. हितं बी त्योच.”

“इथं लाडल कुठं आहे?” मी विचारलं. पहिल्या नऊ दिवसांतलं माझं ते सर्वांत लांब वाक्य असावं.

“काम हाय न्हवं?” ते म्हणाले. “मग झालं.”

त्या दिवसापासून काचेच्या खोलीत जो जो काही करेल त्यानं ते करत असेपर्यंत “चाललंय” म्हणत राहायचं असा नियम झाला. झाडू मारणारी म्हणे, दिवे बदलणारा म्हणे. यंत्र बसवायला पुण्याहून टाय लावलेला एक इंजिनिअर आला होता. तो टेबलाखाली शिरून गुपचूप तारा जोडत बसला. मिस्त्री दर अर्ध्या मिनिटाला वाकून विचारायचे, “पावणं, हाईसा न्हवं?” तिसऱ्या वेळी त्याचं डोकं टेबलाला आपटलं. दुपारपर्यंत तो स्वच्छ पुणेरी उच्चारात टेबलाखालून “चाललं आहे, चाललं आहे” म्हणू लागला. संध्याकाळच्या गाडीनं तो गेला तो परत आला नाही. पुढच्या वेळी दुसरा आला.

स्वतः मिस्त्री तर अखंड चालू असत. जिना उतरताना चाललंय, कुलूप काढताना चाललंय, चहा बशीत ओतताना चाललंय, आणि कप खाली ठेवला की ठेवलं. टेलिफोनवर बोलणं संपलं की “ठेवलं!” असं ओरडून मगच रिसीव्हर आपटत. नाक्यावरच्या मारुतीपुढं हात जोडून पुटपुटत आणि शेवटी देवालाही “ठेवलं” सांगून निघत. आणखी कुठून कुठून तो आवाज येई ते मी लिहिणार नाही. कारखान्याच्या मागच्या बाजूला पत्र्याची दारं असलेल्या तीन खोल्या होत्या आणि त्यांतली मधली कुणी वापरतंय का, हे कुणालाही दार वाजवून विचारावं लागत नसे, एवढंच सांगते.

या सगळ्यात तो शब्द न उच्चारणारी मी एकटीच. मला लाज वाटे, असं मी तेव्हा स्वतःला सांगत असे. खरं तर तो मला गावंढळपणा वाटे. मी त्याऐवजी काम करताना टेबलावर पेन्सिलीनं टकटक करायची. मिस्त्रींनी ते नाइलाजानं चालवून घेतलं. “पेन्सिल चाललीया,” ते आल्यागेल्याला सांगत, “अक्का हाईत का न्हाईत ते कळंना.”

त्यांची दुसरी खोड म्हणजे दुपारचं घर. बाकी सगळे डबा आणत. मिस्त्री एक वाजला की काचेच्या खोलीला कुलूप लावत, किल्ली खिशात टाकत आणि सायकल मारत यादवनगरात जेवायला जात. बरोबर चाळीस मिनिटं. मालक आले, साहेब आले, पाऊस आला, तरी जाणार. खोलीत माझी पर्स असो, डबा असो, मी बाहेर पायरीवर. बायकोच्या हातची तव्यावरची भाकरी लागते म्हणे. परत येत तेव्हा घड्याळाच्या पट्ट्यात ज्वारीचं पीठ अडकलेलं असे, कधी मनगटावर भाजल्याचा ताजा डाग. मी बारीक नजरेची आहे, मला सगळं दिसे. त्यावरून मी निष्कर्ष काढला होता की हे गृहस्थ ताटात पडत नाही तोवर दम धरत नाहीत, तव्यावरूनच उचलतात. चोपन्नाव्या वर्षी एवढा हावरेपणा बरा नव्हे, असंही मला वाटे. मला तेव्हा बरंच काही वाटत असे.

आता थोडं माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

भट्टी सकाळी आठला रस सोडायची. त्याआधी, सात वाजता, साचे भरणाऱ्यांच्या हातात कार्डं हवीत. आज कुठला भाग, किती नग, कुठल्या जातीचं लोखंड. ही कार्डं कंप्युटरनं पहाटे आपोआप छापून ठेवायची होती. माझा प्रोग्रॅम नुसता मुकादम होता, स्वतः काही करत नसे. ऑर्डरींची यादी काढणारा प्रोग्रॅम पुण्याच्या कंपनीनं करून दिलेला, शिवलेल्या पोत्यासारखा बंद. माझ्या मुकादमानं रोज त्याला हाक मारायची, यादी मागायची, भट्टीच्या क्रमानं लावायची आणि छपाईला द्यायची. दोघांच्या मध्ये एक पाइप. पाइप म्हणजे खराखुरा नव्हे, कंप्युटरच्या पोटातला. पुण्याच्या प्रोग्रॅमनं एका टोकाला यादी ओतायची, माझ्यानं दुसऱ्या टोकाला झेलायची.

तीनएक महिने झकास गेले. दिवाळीनंतर ऑर्डरी वाढल्या आणि एका सकाळी येऊन बघते तर कागद कोरा. पडद्यावर एक ठिपका लुकलुकतोय, बाकी काही नाही. बंद केलं, परत चालू केलं, परत तेच. आठ वाजले. रस कुणासाठी थांबत नाही. साचेवाल्यांनी आठवणीनं साचे लावले, त्यांत भलत्या जातीचं लोखंड पडलं, आणि दिवसभराचं सगळं ओतकाम फोडून पुन्हा भट्टीत घालावं लागलं. पुढच्या आठवड्यात दोनदा तसंच झालं.

धाकटे मालक ओरडत नसत. सावकाश बोलत, त्याचीच भीती वाटे. त्यांनी आम्हा दोघांना केबिनमध्ये बोलावलं.

“एक तारखेपर्यंत बघू. नाही जमलं तर मिस्त्री, तुम्ही रात्रपाळीला. त्या यंत्रापाशी झोपायचं. अडकलं की उठवायचं. आणि मॅडम, तुमचे प्रोबेशनचे सहा महिनेही तेव्हाच संपतात, नाही का?”

मी मान डोलावली. मिस्त्रींचं तोंड मात्र राखेसारखं झालं.

“मालक, परत भट्टीवर घाला. दिवसा दोन पाळ्या सलग करतो. रात्र नगं.”

“का?”

“नगं म्हंजे नगं.”

“एक तारीख,” मालक म्हणाले.

तीस वर्षांत मिस्त्रींनी मालकाकडं काही मागितल्याचं कुणाला आठवत नव्हतं. बातमी शेडभर झाली. मिस्त्री अंधाराला भितात! लाडल उचलणाऱ्यांतले सर्वांत जुने रसूलचाचा, हातकणंगल्याहून रोज येणारे, त्यांनी चेहरा गंभीर ठेवून सांगितलं, “चंदगडच्या रानातला मानूस. तितली झाडी, तितला पाऊस. ल्हानपनी काय तरी बगितलं असंल.” मग काय, कुणी मिस्त्रींच्या टेबलावर लिंबू ठेवलं, कुणी मिरच्या. हळव्या मनाच्या मुलीनं घरी जेवताना मिस्त्रींची पूर्ण नक्कल करून दाखवली, भुताला “चाललंय” म्हणणाऱ्या माणसाची. घरी मी पुष्कळ बोलते. माझा भाऊ ठसका लागेपर्यंत हसला.

एक तारखेला अठरा दिवस होते. मी यंत्रासमोर बसून राहिले. मिस्त्री माझ्या पाठीमागं.

“त्यो तुमचा मुकादम, काय करालाय आता?”

“थांबलाय.”

“कशापायी?”

“पुण्याच्या प्रोग्रॅमचं काम संपायची वाट बघतोय. संपलं की मग यादी उचलेल.”

“आनि त्यो पुन्याचा?”

“तोपण थांबलाय.”

“त्यो कशापायी?”

“माहीत नाही.”

“त्यो ‘चाललंय’ म्हनतोय का?”

माझा तोल गेला. “मिस्त्री, प्रोग्रॅम बोलत नाहीत.”

“यादी देतोय म्हनजे बोलतोयच की! कवाधरनं बोलतोय त्यो. आनि ह्यो तुमचा शाना, तोंड फिरवून बसलाय. म्हनतोय, तुजं समदं झालं की एकदम ऐकतो. आवो, त्यो बोलून बोलून हितंपतुर भरला,” त्यांनी गळ्यावर हात आडवा ठेवला, “हितला निचरा झाल्याबिगर म्होरचा शब्द कुठनं यायचा? ऐकायचं आदी, वाट बगायची मागनं. ह्ये पोरालाबी कळतंय.”

इंग्रजीत एक झणझणीत वाक्य माझ्या तोंडाशी आलं होतं. ते तिथंच राहिलं. मी पुस्तकातलं पाइपाचं पान काढलं. पाइपाला पोट असतं, आणि ते लहान असतं, हे मी कोर्सात पाठ केलं होतं, परीक्षेत लिहिलं होतं आणि विसरले होते. साठएक ऑर्डरी त्यात मावत. तोवर सगळं सुरळीत. दिवाळीनंतर सत्तर झाल्या. पाइप काठोकाठ भरला, पुण्याचा प्रोग्रॅम त्यात जागा रिकामी होण्याची वाट बघत थांबला, आणि माझा मुकादम त्याचं संपायची वाट बघत थांबला. दोघंही आज्ञाधारक. जगबुडी होईपर्यंत थांबले असते.

मी दोन ओळींची अदलाबदल केली. आधी झेलत राहायचं, मग संपल्याची खात्री करायची. सत्तर ऑर्डरींची यादी सरसर आली.

मिस्त्रींनी जेवणाच्या सुट्टीआधी सगळ्या कारखान्यात सांगून टाकलं, “बहिरा हुता त्यो. मी कान फुंकलं.” मला त्यांचा इतका राग क्वचितच आला असेल.

तो राग दुसऱ्या सकाळपर्यंतच पुरला. कारण यंत्र पुन्हा अडकलं. आता यादी पूर्ण येई, शेवटच्या ओळीपर्यंत, पण ती शेवटची आहे हे माझ्या मुकादमाला कळत नसे. पूर्वी तो साठलेली यादी एकदाच उचलायचा, तेव्हा शेवट ओळखायची गरजच नव्हती. तो आणखी काही येईल म्हणून पाइपाच्या तोंडाशी हात धरून बसलेला. पुण्याचा प्रोग्रॅम तर केव्हाच काम संपवून गेलेला. दहा दिवस मी हे बघत होते. मिस्त्री आता काही सुचवत नव्हते. ते नुसते माझ्या मागं उभे राहत आणि “चाललंय” म्हणत, आणि तो आवाज दिवसेंदिवस बारीक होत चालला होता.

एक तारीख चारच दिवसांवर आली. त्या सकाळी मिस्त्री कोळशाच्या व्यापाऱ्याशी फोनवर भांडत होते. “ठेवलं!” करून रिसीव्हर आपटला. मग दुसरा फोन लावायला उचलला तर कानात तीच लाइन, व्यापाऱ्याच्या दुकानातला गलबला, सगळं चालूच.

“आवो, ठेवा की!” मिस्त्री गरजले. “मी कवाच ठेवलंय!”

पुन्हा आपटला, पुन्हा उचलला. लाइन जिवंत. त्यांनी फोनची तार धरली आणि भिंतीच्या कडेनं माग काढत काढत माझ्या टेबलापर्यंत आले. त्याच लाइनीचा दुसरा फोन माझ्या टेबलावर असे. त्याचा रिसीव्हर माझ्या कागदांच्या ढिगाखाली उलटा पडला होता.

“घ्या! तुमच्याच उशाला पडलाय. एक टोक तुमीच धरून बसलायसा अक्का, मग त्ये बंद हुयाचं कसं?”

मी रिसीव्हर जागेवर ठेवला आणि तशीच बसून राहिले.

पाइप करताना त्याची दोन्ही टोकं आधी माझ्याच प्रोग्रॅमच्या हातात येतात. ओतायचं टोक मी पुण्याच्या प्रोग्रॅमला दिलं होतं. पण स्वतःच्या हातातलं सोडलं नव्हतं. तो बिचारा त्याचं टोक ठेवून गेला होता, आणि माझं उघडंच. जोवर ओतायचं एक जरी टोक कुणाच्या हातात आहे, तोवर झेलणाऱ्याला वाटत राहतं की अजून येणार आहे. माझा मुकादम स्वतःचीच वाट बघत होता.

एका ओळीचं काम. टोक सोड.

मग सावधगिरी म्हणून आणखी थोडं घातलं. पुण्याच्या प्रोग्रॅमकडून दहा मिनिटं काहीच आलं नाही तर त्याला बंद करायचं आणि नव्यानं हाक मारायची.

“बंद म्हंजे मारायचं?” मिस्त्रींनी विचारलं.

“हो.”

“आदी ‘आटप’ म्हना की. न्हाईच ऐकलं तर मग बगा.”

मी डोळे फिरवले. मग पुस्तकात पाहिलं. तिथंही तेच लिहिलं होतं, आधी सौम्य इशारा, मग दुसरा उपाय. मी तसं केलं, पण त्यांना सांगितलं नाही.

त्यानंतरच्या पहिल्या सकाळी सातला दार उघडलं तर कार्डं छापून तयार. मी ती स्वतः भट्टीवर घेऊन गेले. आठ वाजता रस सुटला. रसूलचाचा आणि त्यांचा जोडीदार लाल लाडल घेऊन झपाझप निघाले, आणि माझ्या लक्षात आलं की दोघंही अगदी गप्प आहेत. पावलं मोजून पडत होती, डोळे डोळ्यांशी बोलत होते, तोंडातून अक्षर नाही. एवढ्यात दारातून मिस्त्री येताना दिसले. लगेच रसूलचाचांनी सूर लावला, “चाललंय! चाललंय!”

मिस्त्री गेल्यावर मी विचारलं, “चाचा, हा फौंड्रीचा कायदा आहे ना?”

“कसला कायदा?” ते घाम पुसत म्हणाले. “बत्तीस वर्सं उचलतोय मी. बोलत बसलं तर दम कुठनं आनायचा? तीन वर्सांमागं त्यानंच काडलं ह्ये.”

“मग तुम्ही का ओरडता?”

“वरडतो. बिगडलं काय आमचं?” आणि मग माझ्याकडं न बघता म्हणाले, “तुमाला बी काय बिगडनार न्हाई अक्का, एकांद्या वक्ताला म्हटलं तर.”

मला वाटलं, वयामुळं दोघांचंही डोकं फिरलंय.

एक तारखेला लागोपाठ चौथ्या दिवशी कार्डं वेळेवर निघाली. त्या दिवशी तर नव्वद ऑर्डरी होत्या. पाऊण वाजता धाकट्या मालकांनी मला एकटीलाच बोलावलं. छापलेल्या कागदांचा गठ्ठा चाळला, आणि म्हणाले, “बरं. रात्रपाळीचं राहू दे. तुम्हीही राहा.” एवढंच. मग म्हणाले, “दीड वाजता शेजारच्या कारखान्याचे मालक येतायत कंप्युटर बघायला. खोली उघडी ठेवा.”

मी धावत गेले. काचेच्या खोलीला कुलूप होतं. एक वाजून दोन मिनिटं झाली होती.

यादवनगर मी कधी पाहिलं नव्हतं. रिक्षावाल्यानं वळणावर सोडलं. घर विचारायची वेळ येते की काय अशी भीती होती, पण विचारावं लागलं नाही. बोळात शिरताच आवाज आला.

“चाललंय… चाललंय… भाकरी परतलीया. चाललंय.”

दार उघडंच होतं. आत चुलीपुढं मिस्त्री उकिडवे बसले होते, हात कोपरापर्यंत पिठानं भरलेले, कानावरची पेन्सिल तशीच. पलीकडं भिंतीला टेकून एक गोरी, नीटनेटकी बाई पाटावर बसली होती. हसतमुख. तोंड आवाजाकडं वळलेलं, आणि डोळे उघडे पण कुठंच न बघणारे. मिस्त्री भाकरी घेऊन उठले तसं तिचं तोंड त्यांच्या मागोमाग फिरलं. “चाललंय… हितं उजव्या अंगाला. भाकरी, ठेवलं. आमटी, ठेवलं.” तिचा हात बरोबर भाकरीवर गेला. “पानी आनतोय. चाललंय.” तांब्या घेऊन वळले, आणि दारात मला बघितलं.

मिस्त्री जागच्या जागी थांबले. एक तारखेला, भर दुपारी, कारखान्यातलं माणूस घरी आलंय. त्यांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं आणि तिथं काय वाचलं कोण जाणे. माझ्या तोंडावर कधीच काही नसतं. ते तांब्या छातीशी धरून उभे राहिले. तोंड उघडलं, पण आवाज नाही.

आणि तिकडं त्या बाईंचा हात थांबला. घास धरलेला, ताट आणि तोंड यांच्या मध्ये, अधांतरी. हसू तसंच होतं, पण आत काहीतरी अडकल्यासारखं. ती कान देऊन बसली होती. घास पुढं सरकेना, मागं जाईना.

“का ओ?” ती हळूच म्हणाली. “हाईसा न्हवं?”

मिस्त्री माझ्याकडंच बघत होते.

कुणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं, आणि तिथं मी सोडून कुणी नव्हतं. मी दाराच्या चौकटीवर टकटक करायला हात उचलला, आणि खाली घेतला.

“चाललंय,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. मी पुन्हा म्हणाले, “चाललंय, मिस्त्री. आज नव्वद होत्या, सगळी निघाली. रात्रीचं राहू दे म्हणाले मालक.”

घास तोंडापर्यंत पोचला.

“ह्या कोन?” बाई चावता चावता म्हणाल्या. “पेन्सिलवाल्या अक्का व्हय?”

मिस्त्री पुढं आले, वाकले, आणि तांब्या तिच्या डाव्या हाताशी टेकवला. “ठेवलं,” ते म्हणाले.

मी बोळाच्या तोंडाशी परत आले तेव्हा लक्षात आलं की किल्ली मागितलीच नाही. परत जायचं धाडस झालं नाही. कारखान्यात पोचले तर कुलूपबंद काचेच्या खोलीसमोर धाकटे मालक आणि त्यांचे पाहुणे उभे, काचेला नाक लावून आतला अंधार बघत. मी पायरीवर बसले. मालकांनी सावकाश काहीतरी विचारलं, मी मान डोलावली. एक चाळीसला सायकलची घंटा वाजली.

“सरका, पावणं,” म्हणत मिस्त्री आले. मालकांकडं बघितलं नाही, माझ्याकडंही नाही. घड्याळाच्या पट्ट्यात पीठ होतं. “चाललंय” म्हणत कुलपात किल्ली फिरवली, दार उघडलं, पाहुण्यांना आत सोडलं. मी मागून जाऊ लागले तसे ते वाटेत आडवे आले.

“अक्का, उद्याधरनं जरा मोट्यानं म्हनायचं.”

“काय?”

“चाललंय. तुमचा आवाज लई बारीक हाय. तिला ऐकू गेला, पर हितल्या मशिनीच्या आवाजात न्हाय जायाचा.”